लाँचवरचं भांडं

नोकरीभर मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. पू, रक्त, ओकारी, म्हाताऱ्या माणसांची अंथरुणातली घाण, सगळं या हातांनी काढलं आणि त्याच हातांनी डबा उघडून जेवले. नव्या मुली नाकाला रुमाल लावायच्या तेव्हा मी त्यांना सांगायची, पोरींनो, आजारी माणसाची घाण ही घाण नसते, ते काम असतं. पण डिझेल आणि फिनाईल यांचा एकत्र वास आला, की आज या वयातही माझ्या घशाशी काहीतरी येतं. यवतमाळच्या बसस्टँडवर कधीतरी येतो तसा वास. मग मी पाण्याची बाटली उघडते आणि न पिता पुन्हा बंद करते. मला खरी किळस आयुष्यात एकदाच आली, आणि ती घाणीची नव्हती. ती गोष्ट सांगायची म्हणजे धरणाच्या कॉलनीपासून सुरुवात करावी लागेल.

धरणाचं नाव लिहीत नाही. उमरखेडहून तिथं जायला एसटीला तासभर लागायचा, एवढं पुरे. कॉलनीत साहेबलोकांचे बंगले वरच्या अंगाला आणि आमची पत्र्याची क्वार्टरं खाली, पाण्याच्या बाजूला. बाबा खात्याच्या लाँचवर मिस्त्री होते. चालवणं, दुरुस्ती, रंग देणं सगळं त्यांच्याकडे. आसपासच्या खेड्यांत लाँच हा शब्द कुणाच्या तोंडी बसत नव्हता. मोंढ्याच्या बाजारात कुणी विचारलं, 'पोरी, तुहा बाप काय करते वं?' की मी सांगायची लाँच चालवते, आणि समोरचा हटकून म्हणायचा, 'लाच? लाच त सारेच चालवतेत बाप्पा, तुहा बापच येवढा उघड सांगून राह्यला!' बाबा स्वतः ही गंमत रंगवून सांगायचे. त्यांना त्या लाँचचं भारी वेड. आयटीआय करून डिझेलचं काम शिकलेला आमच्या गावातला तो पहिला माणूस. सकाळी इंजिन सुरू झालं की डग-डग आवाज आमच्या पत्र्यांवर यायचा, आणि माय चुलीपुढं भाकर थापता थापता म्हणायची, 'उठली वो तुमची दुसरी बायको.'

ही दुसरी बायको कोकणातून ट्रकवर बसून आली होती, जुनीच. समुद्रात वापरलेली असल्यामुळे तिच्यात एक चीज होती, जी आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणी पाहिली नव्हती. पुढच्या टोकाला, खाली उतरून, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागेल एवढ्या खोलीत चिनीमातीचं भांडं आणि त्याच्या बाजूला पितळेचा हातपंप. काम झालं की पंपाचा दांडा वर-खाली वीस वेळा हाणायचा. एका नळीतून तलावाचं पाणी आत येई आणि दुसऱ्या नळीतून सगळं बाहेर. घुर्र-फच, घुर्र-फच असा आवाज. लोकांनी त्याला लगेच हापसा म्हणायला सुरुवात केली, गावातल्या बोअरिंगच्या हापशासारखा. गंमत पाहा, आम्हा क्वार्टरवाल्यांना संडास नव्हता. आम्ही बायका टमरेल घेऊन बांधामागं जायचो, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीला मात्र चिनीमातीचं भांडं होतं.

त्या खोलीच्या दारावरचा बोर्ड मी रंगवला होता. बाबांनी सांगितलं आणि मी पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं, 'कागद, कापूस, सुपारी टाकू नये. हापसा वीस वेळा हाणावा.' माझं अक्षर चांगलं होतं, त्याचा बाबांना अभिमान. तरी लोक टाकायचेच. मग पंप चोंदायचा, आतला रबर फाटायचा, आणि बाबा ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसवायचे. तो दोन महिने टिकायचा, मग कुठूनतरी गळायला लागायचा आणि खोलीच्या तळाशी पिवळं पाणी साचायचं. त्यावर फिनाईल. त्याखाली डिझेल. मे महिन्यात लोखंड तापलं की जो काही वास सुटायचा तो मी वर सांगितला तोच.

एके दिवशी मी बाबांना विचारलं, की ती दुसरी नळी जाते कुठं? बाबा म्हणाले, 'कुठं जाईन? पाण्यात.' मी म्हटलं, कोणत्या पाण्यात? बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. कॉलनीच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर होती. मायनं हे ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला. त्या दिवसापासून तिनं तलावाचे मासे खाणं सोडलं, आणि तिच्यासारखी मरळीचा रस्सा करणारी बाई मी नंतर पाहिली नाही. बाबा सांगत होते, 'येवढ्या मोठ्या पाण्यात काय होते वं?' माय म्हणाली, 'येवढ्या मोठ्या पाण्यात तुमचे साहेब काय काय सोडतेत ते मले माईत झालं आता.' ती पाणी दुपदरी फडक्यातून गाळायची, उकळायची, गार करून पितळी कळशीत भरायची आणि वर झाकण ठेवायची. सरपण दुप्पट लागायला लागलं, पण आमच्या घरचं पाणी त्या कॉलनीत सर्वांत स्वच्छ होतं. हे लक्षात ठेवा.

मी सतरा वर्षांची असतानाच्या उन्हाळ्यात नवं भांडं आलं. लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून. मुंबईकडचे कुणी बडे पाहुणे धरण पाहायला येणार होते, त्यांच्यासाठी जुनं काढून नवं बसवायचं ठरलं. बाबा खूश. पण बसवण्याच्या आधी खात्याच्या साहेबांनी आपल्या सासऱ्यांना तलाव दाखवायला आणलं. साहेब तिकडचे, पुण्याच्या बाजूचे. सासरे गोरे, ताठ, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं आणि तोंडात दातांची पांढरीशुभ्र रांग. सोबत घरची दहाबारा माणसं, पुऱ्यांचे डबे आणि सासऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याचा वेगळा तांब्याचा गडू. मी बाबांचा डबा द्यायला गेले होते आणि पलीकडचा काठ पाहायची हौस म्हणून लाँचवर थांबले. बाबांच्या हाताखाली नामदेव खलाशी होता, भोयाचा, जन्म पाण्यात गेलेला. तो म्हणाला, 'बस वं वंदी, इंजिनापाशी बस, वारा सुटनार हाय.'

वारा सुटलाच. मधल्या पाण्यात लाँच डुलायला लागली आणि सासरेबुवांचा चेहरा पडला. कपाळाला घाम. घरची माणसं पुढं फोटो काढण्यात दंग होती. मला राहवलं नाही. मी आमच्या डब्यासोबतच्या लोट्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी हात पुढं केला होता, हे मला स्पष्ट आठवतं. मग थांबले. "कोणाची गं तू?" मी म्हटलं, मिस्त्रीची. "आडनाव?" मी आडनाव सांगितलं. त्यांनी पुढं केलेला हात तसाच मागं घेतला, उपरण्याला पुसला, जणू पेल्याला लागूनच आला होता, आणि म्हणाले, "राहू दे. माझं आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला रागाचं काही वाटलं नसतं. पोटात डुचमळत असताना, घसा सुकलेला असताना, एवढा हिशोब त्यांना सुचला.

थोड्या वेळानं ते उठून त्या खोलीत उतरले. आतून ओकण्याचा आवाज आला. मग हापसा, घुर्र-फच, घुर्र-फच, आणि एकदम कट्ट असा आवाज होऊन सगळं बंद. बराच वेळ ते आत होते. वर आले तेव्हा उपरण्याचा बोळा तोंडावर दाबलेला. माझ्याकडं नजर गेली तशी त्यांनी मान दुसरीकडं फिरवली आणि उपरणं आणखी घट्ट धरलं. मी इंजिनापाशी बसले होते, हातात तो पेला. मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. माझ्या श्वासाचाही विटाळ होतो की काय यांना. परत येईपर्यंत त्यांनी तोंडावरचं कापड काढलं नाही आणि पुऱ्यांना हात लावला नाही. मी घरी येऊन मायला काही सांगितलं नाही. तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. सतराव्या वर्षी कुणीतरी आपली घिन केली की आधी आपल्यालाच आपली घिन येते. हे लिहितानाही मला लाज वाटते, त्यांची नाही, त्या तोंड धुणाऱ्या पोरीची.

त्या दिवशी हापसा अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. पण बाकीची मंडळी तोवर जाऊन बसलीच एकेक, पोरंसोरं सगळी. पंप चालत नाही हे कळूनही. दुसऱ्या दिवशी बाबांनी खोलीचं दार उघडलं आणि मागं सरले. भांडं काठोकाठ भरलेलं, वर निळ्या माशा, आणि तळातून तलावाचं पाणी झिरपून आणखी चढत होतं. परवा पाहुणे येणार. साहेब धक्क्यावर आले, जीपमध्ये सासरेबुवा, तोंडावर उपरणं तसंच. मी लाँचच्या कठड्याला रंग देत होते, म्हणून सगळं ऐकलं. साहेब म्हणाले, "मिस्त्री, आजच्या आज हे उपसा आणि नवं बसवा." बाबा म्हणाले, 'पंप खोलतो जी. उपसाले दुसरा मानूस द्या.' साहेब हसले. "दुसरा कशाला? तुमच्या लोकांना काय, सवय असते."

माझ्या आज्यानं नागपूरला दीक्षा घेतली आणि गावात परत येऊन पहिलं काम काय केलं, तर गावातलं मेलेलं ढोर ओढायचं नाही म्हणून सांगितलं. गावानं विहीर बंद केली, किराणा बंद केला. आज्यानं मान वाकवली नाही. बाबांच्या हातात पान्हा आला तो त्या नकारामुळे. हे आमच्या घरात भाकरीइतकं रोजचं होतं, कुणी त्याचं भाषण करत नसे. बाबांनी पान्हा खाली ठेवला. म्हणाले, 'साहेब, पंप खोलनं माह्यं काम हाय, ते मी जलमभर करीन. पण भांडं ज्यानं भरलं त्यानं उपसावं.' साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते म्हणाले, "उद्या सकाळी मी येतो. तोवर झालं नसेल तर लाँचची किल्ली नामदेवकडे द्या आणि तुम्ही उद्यापासून रोपवाटिकेवर."

रोपवाटिका म्हणजे पिशव्यांत माती भरणं. दुपारी आम्ही जेवायला बसलो. बाबांनी किल्ली ताटाशेजारी ठेवली होती आणि तिच्याकडे न पाहता पातोडीच्या रश्श्यात भाकर चुरत होते. इंजिनाचा आवाज नसलेली ती पहिलीच दुपार मला आठवते. शेवटी मी म्हटलं, बाबा, मी करतो. बादली घेतो, तोंडाले बांधतो, अर्ध्या तासाचं काम हाय. बाबांनी मला कधी हात लावला नव्हता, त्या दिवशीही लावला नाही, पण त्यांचा आवाज फाटला. 'तूनं त्या भांड्यात हात घातला त माह्या दारात पाय ठेवू नको! तुह्या आज्यानं कायले सोडलं मंग? लाँच गेली त गेली.' मी रडायला लागले. आणि तेवढ्यात मायनं, जणू काही ऐकलंच नाही अशा थाटात, चुलीवरचं उकळतं पातेलं सांडशीनं उचललं आणि बाजूला ठेवलं. 'आता भात घ्या,' म्हणाली. बाबा पातेल्याकडे बघत राहिले. मग सांडशीकडे. मग म्हणाले, 'नामदेवले बोलाव वं वंदी. इंजिन उचलाची चेनपुली कुठं हाय ते त्याले माईत असन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर निम्मी कॉलनी जमली. तीन बल्ल्यांची घोडी उभी केली होती, तिला चेनपुली. नामदेवनं काठापासून दूर, वरच्या अंगाला खड्डा खणून चुन्याची गोणी आणून ठेवलेली. बाबांनी तळाशी दोन्ही नळ्यांच्या चाव्या बंद केल्या, चार बोल्ट सोडले, दोर अडकवले आणि भांडं, पंप, नळ्या असं सगळं एकसंध, वरच्या झाकणातून बाहेर काढायला सुरुवात केली. साखळी खडखडत होती. भांडं डुललं की कडेवरून एक लोट खाली यायचा, लाँचच्या फळ्यांवर, धक्क्यावर, धक्क्याच्या कडेनं पाण्यात. बायांनी पदर नाकाला लावले, दोन माणसं पळाली, साहेब मागं सरता सरता जीपला जाऊन टेकले. हाताचं बोटसुद्धा न लावता बाबांनी ते भांडं हातगाडीवर उतरवून खड्ड्यावर नेलं आणि नामदेवनं दोर ओढून पालथं केलं. सासरेबुवा मात्र मागं सरले नाहीत. एवढ्या वासात ते पुढं पुढं येत होते. मला वाटलं, मिस्त्रीची फजिती पाहायला आलाय थेरडा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

पंपावर वीसेक बादल्या पाणी मारल्यावर बाबा खाली बसले. आता त्यांचं काम होतं. पान्हा लावला, झाकण काढलं, पंपाच्या घशात पक्कड घातली आणि हिसका दिला. जे बाहेर आलं ते बाबांनी उन्हात धरलं. गुलाबी हिरडीसकट वरच्या दातांची अख्खी कवळी होती. दोन दिवस त्या सगळ्यात मुरून तिचा रंग काय झाला होता ते मी लिहीत नाही. साहेब लांबून ओरडले, "काय आहे ते?" नामदेव म्हणाला, 'दात हायेत जी. वरचे.' कुणी हसलं नाही. प्रत्येकजण आपापल्या तोंडात जीभ फिरवत असावा. आणि मग सासरेबुवा पुढं आले आणि त्यांनी तोंडावरचं उपरणं काढलं. वरचा ओठ आत गेलेला, बोळकं झालेलं तोंड. ते कापड माझ्यासाठी नव्हतंच. त्यांची स्वतःची लाज होती ती, आणि दोन दिवस मी ती अंगावर घेऊन तोंड धूत बसले होते.

मला त्या क्षणी त्यांची कीव आली, खोटं नाही सांगत. मायलाही आली असणार. ती घरातून कळशी घेऊन आली होती, बाबांच्या हातांवर घालायला. ती पुढं झाली, म्हणाली, 'उकडेल पानी हाय, बाबाजी. द्या इकडं, सोडा टाकून धुऊन देतो. घरी नेऊन उकळून घ्या अजून.' सासरेबुवांनी कळशीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. आणि हात मागं घेऊन, परवा माझ्यापुढून घेतला होता तसाच, नको म्हणाले. बाबांच्या पकडीतून उपरण्याच्या टोकानं कवळी उचलली, धक्क्याच्या पायऱ्या उतरले, जिथं भांड्यातलं गळून पाण्यात पडलं होतं तिथंच वाकले, कवळी दोनदा बुचकळली. आणि तोंडात घातली. कट्ट असा आवाज झाला. ओठ पुन्हा भरले, गाल वर आले, माणूस पुन्हा रुबाबदार दिसायला लागला. साहेबांना म्हणाले, "चला."

तेच पाणी होतं हो. कळशीतलंही तलावातलंच, फक्त मायनं गाळलेलं, उकळलेलं, झाकून ठेवलेलं. मी बल्लीला धरून तिथंच ओकले. भांड्याचा एवढा वास सहन केला, तेव्हा नव्हते ओकले. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मग ती बाबांकडे वळून म्हणाली, 'हात धुवा आन् प्या हे पानी. तहान लागली असन.' बाबांनी ओंजळ धरली आणि बराच वेळ पीत राहिले.

किल्लीचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही. दुपारी एकटेच येऊन म्हणाले, "मिस्त्री, सकाळची ती गोष्ट..." बाबा म्हणाले, 'कोनती जी? मी त पंप खोलला.' संध्याकाळपर्यंत नवं भांडं बसलं. पाहुणे आले, जेवले, गेले. बाबा निवृत्त होईपर्यंत लाँचवरच होते. क्वार्टरांना संडास व्हायला मात्र पुढं किती वर्षं गेली. पुढं दवाखान्यात पेशंटचा एखादा नातेवाईक माझ्या हातातला पेला पाहून आडनाव विचारायचा, तेव्हा मी आडनाव सांगायची आणि शांतपणे त्याच्या दातांकडे पाहायची. तो का कोण जाणे, तोंड मिटून घ्यायचा.

नवं भांडं बसलं त्याच संध्याकाळी बाबा रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्यापाशी आले. म्हणाले, 'वंदी, चूक तुहीच हाय पाह्य. बोर्डावर त्याचं नाव लिवलं नव्हतं तूनं.' मी पुन्हा त्या खोलीत उतरले. नाक धरून, एका हातानं, पण अक्षर बिघडू न देता मी एक शब्द वाढवला. खेड्यापाड्यांतले लोक तो बोर्ड वाचायला म्हणून लाँचवर यायचे आणि पोट धरून दात काढायचे. साहेबही दर फेरीला तो वाचायचे. बोर्ड काढा म्हणायचं, तर का काढायचा ते सांगावं लागलं असतं. त्यांची बदली झाली, त्यांच्यानंतर चार साहेब आले नि गेले, लाँच भंगारात निघाली, तोवर तो तसाच होता.

'कागद, कापूस, सुपारी, दात टाकू नये.'